गिरणीवरच्या अक्का

माझी बदली रामनगरला झाली तेव्हा खोली शोधायला फारसं हिंडावं लागलं नाही. दवाखान्यातल्या आयाबाई म्हणाल्या, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत पिठाची गिरण आहे, तिच्या पाठीमागं एक खोली रिकामी आहे. मालकीणबाई चांगल्या आहेत, फक्त जरा मोठ्यानं बोलतात. ‘जरा’ हा शब्द त्यांनी कुठून आणला ते मला आजवर समजलेलं नाही.

मी गेले तेव्हा गिरण चालू होती. पट्ट्याच्या फटफटाटात एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई उभ्या होत्या, याच अक्का. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यांवरसुद्धा पीठ. मी नाव सांगितलं, सरकारी दवाखान्यात नर्स आहे म्हणून सांगितलं. त्यांनी ते सगळं बाजूला सारलं आणि विचारलं, घरात काय खाता? मला वाटलं, मटण-मासळीचं विचारतायत. मी म्हटलं, सगळं खाते. त्या वैतागल्या. भाकरी कशाची खाता, असं त्यांना विचारायचं होतं. मी म्हटलं, आम्ही खानापूरकडचे, तांदळाची खातो, कधीमधी जोंधळ्याची. एवढ्यावर खोली माझी झाली. माझ्याआधी एक चांगला नोकरदार माणूस खोली बघायला आला होता. तो पाकिटातलं पीठ आणतो हे कळल्यावर अक्कांनी त्याला दारातूनच परत पाठवलं होतं. धान्य कुठलं, दळलं कुणी, किती दिवसांचं, काहीच ठाऊक नसलेलं पीठ खाणारा माणूस घरात कसा ठेवायचा, असा त्यांचा सवाल होता.

मग त्यांनी बटण दाबून गिरण बंद केली आणि मला खोली दाखवायला निघाल्या. आता त्या हळू बोलतील असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. तीस वर्षं त्या यंत्राच्या आवाजावर आवाज चढवून बोलत आल्या होत्या आणि यंत्र थांबलं की आवाजही उतरवायचा असतो हे त्यांच्या घशाला कुणी शिकवलं नव्हतं. मोरी कुठं आहे, कडी कशी लावायची, पाणी कधी येतं, हे त्यांनी मला सांगितलं ते समोरच्या गॅरेजातल्या लोकांनाही समजलं. त्यांची मुलगी गोव्यात दिली होती. रोज दुपारी तिला फोन करत. फोन नसता तरी चाललं असतं, असं गल्लीत म्हणत.

अक्कांच्या गल्लीत गुपित असं काही राहत नसे, कारण अर्धी गुपितं त्यांना दळणावरून कळत. डब्यात हात घालून मूठभर धान्य त्या तळहातावर घेत, अंगठ्यानं चोळत आणि मग त्या घराची हालहवाल बोलून दाखवत. कुणी गव्हात मका मिसळला की, का गा, औंदा गहू परवडंना झाला काय? नाचणी आली की, सून माहेराहून आली वाटतं, कितवा महिना? बिचारी सून पदराआड तोंड लपवून उभी असायची आणि तिच्या सासूलाही जी बातमी अजून नीट ठाऊक नसायची ती बसस्टँडवर उभ्या असलेल्या लोंढ्याच्या बसपर्यंत पोचलेली असायची. यात अक्कांचा हेतू वाईट नसे. त्यांच्या लेखी ते कानात बोलणंच होतं.

दळणाचा क्रम त्यांनी ठरवलेला होता. आधी तांदूळ, मग जोंधळा, मग गहू, शेवटी नाचणी. कुणीही मोठा माणूस येवो, त्याचा गहू आधी दळला जाणार नाही. एकदा एक साहेब घाईत होते. त्यांनी दोनदा घड्याळाकडं बघितलं. अक्का म्हणाल्या की घड्याळ खिशात ठेवा, त्यात पीठ जाईल. साहेब तासभर बाकड्यावर बसले आणि जाताना त्यांच्या काळ्या पँटवर पिठाचे दोन हात उमटलेले होते. ते कुणाचे, हे आम्ही कुणी विचारलं नाही.

आणि खोकला. तीस वर्षांचं पीठ छातीत बसलेलं. सकाळी उठल्यावर, चहा पिताना, हसल्यावर, रागावल्यावर त्या खोकत. गल्लीला त्याची इतकी सवय होती की, एखाद्या दिवशी खोकला ऐकू आला नाही तर कुणीतरी येऊन बघून जाई. मी नर्स म्हणून छातीचा फोटो काढून घ्या म्हटलं. त्यांनी मला सांगितलं की फोटोत काय दिसणार ते त्यांना ठाऊक आहे, पाच किलो तांदूळ आणि दोन किलो जोंधळा. मला त्या नाव घेऊन हाक मारत नसत. नरसबाई म्हणत.

मग तो रोग आला.

पहिले काही महिने तो टीव्हीतच होता. सगळं बंद झालं, रस्त्यावरचे ट्रक बंद झाले. गोव्याच्या हमरस्त्यावरच्या रामनगरात ट्रकचा आवाज नाही म्हणजे काय, ते तिथं राहिलेल्या माणसालाच कळेल. गिरण मात्र चालू ठेवायला परवानगी होती. लोकांनी लांब लांब उभं राहावं म्हणून गोल आखायला सांगितलं होतं. अक्कांनी ते गोल पिठानं आखले. दुसऱ्या दिवशी मुंग्या, तिसऱ्या दिवशी चिमण्या, चौथ्या दिवशी गोलच नाहीत. मग मी चुन्याची फक्की आणून दिली. मास्कचं त्यांना काही वाटलं नाही, कारण गिरण चालू असताना त्या पहिल्यापासून नाकातोंडावर पदर बांधत. आता सगळं गाव गिरणीवाल्यागत दिसतंय, असं त्या समाधानानं म्हणाल्या. फक्त एक अडचण होती. बोलायचं झालं की त्या मास्क खाली ओढत. लोकांना ऐकू येणार नाही अशी त्यांना काळजी वाटे.

लोकांना खरी भीती वाटू लागली ती पावसाळ्यात. गोव्यात कामाला गेलेली माणसं परत येऊ लागली, कुणी अनमोडच्या घाटातून, कुणी कॅसलरॉककडून रेल्वेच्या रुळांनी चालत. त्यातल्या काहींना ताप निघाला. आमच्या दवाखान्यात तपासण्या सुरू झाल्या आणि नाकात काडी घालून नमुने घ्यायचं काम माझ्याकडं आलं. मी सकाळी जाई, संध्याकाळी येई, मागच्या मोरीत कपडे भिजत घालून, डोक्यावरून आंघोळ करून मगच खोलीत जाई. पण गल्लीला माझी आंघोळ दिसत नव्हती. माझं जाणं-येणं दिसत होतं. मी आले की समोरच्या खिडक्या बंद होत. किराणा दुकानदार माझं सामान पायरीवर ठेवी. त्यांचा मला राग येत नव्हता असं मी म्हणणार नाही. पण मलाही भीती वाटत होती, तर त्यांना का वाटू नये?

एका रविवारी दुपारी गल्लीतली पाच-सहा माणसं गिरणीपाशी आली. पुढं मेस्त्री होता. हा समोरच्या गॅरेजचा मालक, राहायलाही तिथंच. चाळिशीचा, कामसू, गल्लीतल्या गणपतीपासून गटारापर्यंत सगळ्यात पुढं असणारा. मी मागच्या खोलीत होते. मेस्त्री काय बोलला ते मला एक अक्षरही ऐकू आलं नाही, तो खालच्या आवाजात बोलत होता. पण अक्कांची उत्तरं ऐकू येत होती, त्यामुळं त्याचे प्रश्न मला आपोआप कळत गेले.

"नरसबाईनं कुठं जावं म्हणतोस?" अक्का म्हणाल्या.

मधे मेस्त्रीचं पुटपुटणं.

"दुसरीकडं म्हंजे कुठं? तुझ्या घरात ठेवून घेतोस? तू? तुमच्यापैकी कोण?"

पाऊस पत्र्यावर वाजत होता.

"मग हितंच ऱ्हाईल," अक्का म्हणाल्या, आणि खोकल्या. त्या खोकल्यानं सगळे चार पावलं मागं सरले असणार, कारण चपलांचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी गिरणीवर कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हमरस्त्याकडं दुसरी एक गिरण होती, सगळी गल्ली डोक्यावर डबे घेऊन, पावसात छत्री सावरत तिकडं जाऊ लागली. अक्का दहा वाजता गिरण चालू करत ती एक वाजता बंद करत, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम. तो त्यांनी सोडला नाही. पण रिकामी गिरण फिरवली तर दगड झिजतात. मग त्यांनी आपल्याच घरातले तांदूळ दळायला घेतले. गिरणीचा आवाज गल्लीला ऐकू गेला पाहिजे, एवढंच त्यांच्या मनात होतं. त्या आवाजाचा त्रास मात्र मला झाला. एवढ्या पिठाचं करायचं काय? भाकऱ्या झाल्या, घावन झाले, आंबोळ्या झाल्या, शेवया झाल्या, त्या भर पावसात चुलीवर वाळवून झाल्या, पापड झाले, उकडी झाल्या. आठ दिवसांत तांदळाच्या पिठाचं जे जे करता येतं ते मी सगळं खाल्लं. नवव्या दिवशी पहिल्यापासून सुरुवात झाली.

मी त्यांना म्हटलं, अक्का, मी दवाखान्यात एका कोपऱ्यात राहते, चार महिन्यांचा प्रश्न आहे, माझ्यापायी तुमचा धंदा बसतोय. माझी अपेक्षा होती की त्या काहीतरी मायेचं बोलतील आणि माझ्या डोळ्यांत पाणी येईल. मी तयारीतच होते.

"गाड्या धड सुरू न्हाईत," त्या म्हणाल्या. "नवा भाडेकरू कुठनं आणू?" आणि माझ्या ताटात आणखी एक घावन घातला.

असे तीन आठवडे गेले. मग एका संध्याकाळी अक्का लाडवांसाठी पीठ भाजत होत्या. कढईतून वाफ निघत होती, पिठाचा रंग बदलत होता, आणि मला वासच येत नव्हता. मी जवळ गेले. तूप, भाजलेलं पीठ, वेलदोडा, काहीच नाही. मी तशीच खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. जे व्हायचं होतं तेच झालं होतं.

गल्ली म्हणत होती ते खरं ठरलं, हीच गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. अंग दुखत होतं, कणकण होती, पण त्याचं मला काही नव्हतं. मी खिडकीतून अक्कांना सांगितलं. त्या अंगणात उभ्या होत्या, मी खिडकीआड. मी त्यांना हात जोडून म्हटलं की अक्का, एवढं एक करा, कुणाला सांगू नका. विचारलं तर गावी गेलीय म्हणा. मी खोलीतून बाहेर पडत नाही, दवाखान्यातून लोक येतील तेही गुपचूप मागच्या दारानं येतील. त्या काळात लोक असंच करत. ताप आला की दार लावून घ्यायचं, काढा प्यायचा आणि कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की दारावर कागद चिकटवतात, माणसाला घेऊन जातात, वाळीत टाकल्यागत होतं. मी रोज लोकांना लपवू नका म्हणून सांगत होते, आणि आता मीच लपवायला निघाले होते. हे तेव्हा मला सुचलं नाही. पुष्कळ नंतर सुचलं.

अक्कांनी ऐकून घेतलं. पुढं गेल्या. गिरणीच्या फळ्या एकेक करून लावल्याचा आवाज आला. सकाळचे दहा वाजले होते, आणि फळ्या उघडायच्या वेळी त्या लावत होत्या. मग त्या पायरीवर उभ्या राहिल्या असाव्यात.

"ऐका गा सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात कोरोना आलाय. नरसबाईला झालाय. मलाबी झाला असंल. गिरण बंद हाय, ह्या बाजूला कुणी येऊ नका. आणि कुणाच्या घरात ताप असंल तर लपवू नका. दवाखान्यात सांगा. मी सांगितलं न्हवं? जीभ काय झडली न्हाई माझी."

मी पांघरूण डोक्यावरून घेऊन रडले. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नव्हता. गल्लीनं बहिष्कार घातला तरी जी गिरण त्यांनी बंद पडू दिली नव्हती ती त्या दिवशी त्यांनी स्वतः बंद केली, हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, ह्या बाईला एक गोष्ट पोटात ठेवता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला माझा फोन वाजला. मेस्त्री होता. बोलताना तो अडखळत होता. त्याच्या अव्वाला, म्हणजे आईला, अकरा दिवसांपासून ताप होता. आता धाप लागत होती, दोन दिवस धड जेवली नव्हती. कुणाला सांगितलं नव्हतं. गल्लीत सगळ्यांना नियम सांगत फिरणारा माणूस, त्याच्याच घरात निघालं तर काय तोंड दाखवायचं, म्हणून गप्प राहिला होता. मी अंथरुणातूनच दवाखान्यात फोन केला. तासाभरात गाडी आली, म्हातारीला ऑक्सिजन लावून नेलं. आणखी एक-दोन दिवस गेले असते तर सांगता येत नव्हतं. त्याच दिवशी गल्लीतल्या आणखी दोन घरांनी ताप असल्याचं कळवलं. अक्कांच्या पायरीवरून जे निघालं होतं ते काम करत होतं. तरी माझा राग गेला नव्हता.

अक्कांची तपासणी झाली. त्यांनाही झालेला होता. आता आम्ही दोघी एकाच घरात, मधे एक भिंत. त्या रोज सकाळी भिंतीपलीकडून विचारत, "हाईस काय गे?" मी म्हणे, आहे. मग त्या दिवसभराचा कार्यक्रम सांगत, त्यात माझा अबोला विरघळून गेला. काढा घेतलास काय, पेज प्यालीस काय, आज दवाखान्यातून कोण येणार, मुलगी फोनवर किती रडली. मी पडल्या पडल्या ऐकत असे. बहुतेक गल्लीही ऐकत असावी, कारण अक्कांना पेज नको झालीय हे त्यांनी मला सांगितलं त्या दुपारी कुणीतरी पायरीवर लिंबाचं लोणचं ठेवून गेलं.

पाचव्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला नाही. मी वाट पाहिली. हाक मारली. मग मधलं दार ढकलून आत गेले. अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा फार खाली होता, मी लगेच गाडीसाठी फोन केला.

गाडी जोयड्याकडं दुसऱ्या एका रुग्णाला घेऊन गेली होती, यायला दोन तास लागणार होते. मी दारात येऊन उभी राहिले. पाऊस धो धो पडत होता. मला काय करावं सुचेना, आणि समोर गॅरेजच्या दारात मेस्त्री उभा होता. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "पिकअप काढतो. मागं ताडपत्री बांधतो. बेळगावला न्यूया."

अक्का यायला तयार नव्हत्या. ओठांशी कान नेला तेव्हा कळलं, त्या म्हणत होत्या, पट्टा ढिला कर. गिरण बरेच दिवस बंद राहणार असेल तर पट्टा ताणलेला ठेवायचा नसतो. मी म्हटलं, अक्का, जीव जायची वेळ आलीय. त्यांनी मान हलवली. शेवटी मी, अंगात ताप असलेली नर्स, गिरणीत जाऊन पाना शोधला, मोटारीचा नट सैल केला, पट्टा लोंबला तो त्यांना दारातून दाखवला. मगच त्या उठल्या.

पिकअपच्या मागच्या बाजूला ताडपत्रीखाली गादीवर आम्ही दोघी. मेस्त्री पुढं एकटा, काचा बंद, तोंडाला दोन दोन रुमाल. खानापूरपर्यंतचा तो रस्ता पावसात कसा असतो ते काय सांगायचं. प्रत्येक खड्ड्याआधी तो गाडी जवळजवळ थांबवत असे. मी त्यांना एका अंगावर कलतं धरून बसले होते आणि त्या माझ्या हातात इतक्या हलक्या लागत होत्या की मला भीती वाटली. वाटेत एकदाच त्या बोलल्या. गाडीत आधी काय भरलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही. त्यांनी ताडपत्रीला चिकटलेला एक दाणा बोटानं काढला, बघितला, आणि डोळे मिटले.

त्या सोळा दिवस दवाखान्यात होत्या. त्यातले चार दिवस डॉक्टर फोनवर काहीच खात्रीनं सांगत नव्हते. मी बरी होऊन कामावर गेले. गिरणीची पायरी रोज सकाळी कुणीतरी झाडलेली दिसे. हमरस्त्याकडच्या गिरणीचं पीठ भरड येतं, भाकरी थापताना कडा फाटतात, अशी तक्रार गल्लीत सुरू झाली होती. ती मला ऐकू येईल अशा बेतानं केली जाई.

अक्का परत आल्या त्या मेस्त्रीच्याच गाडीतून. निम्म्या झाल्या होत्या. पीठ धुऊन निघाल्यामुळं मी त्यांच्या भुवया पहिल्यांदा काळ्या पाहिल्या. तीन आठवडे विश्रांती झाली, मग मेस्त्रीनं येऊन पट्टा चढवला आणि गिरण सुरू झाली. पहिल्या दिवशी डब्यांची रांग गॅरेजपर्यंत गेली. पण एक झालं, अक्कांचा आवाज परत आला नाही. आता त्या तुमच्या-माझ्यासारख्या बोलतात, किंबहुना थोडं हळूच. गिरण चालू असताना त्यांचं बोलणं अजिबात ऐकू येत नाही. काही सांगायचं असलं की त्या बटण दाबून यंत्र थांबवतात आणि रांगेतली सगळी माणसं गप्प होऊन पुढं वाकतात. सुनांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल, पण म्हाताऱ्या बायका म्हणतात की दळणाला जाऊन काही कळतच नाही हल्ली.

एक दिवस दुपारी आम्ही दोघी मागच्या पडवीत बसलो होतो, अक्का तांदूळ पाखडत होत्या. मी अक्कांना, बरेच दिवस मनात ठेवलेलं होतं ते, म्हटलं. गल्ली म्हणत होती ते खरं होतं, तुम्हाला हे माझ्यामुळं झालं.

अक्कांनी सांगितलं, हळू आवाजात. मला ताप यायच्या आठ दिवस आधी, तिन्हीसांजेला मेस्त्री मागच्या दारानं आला होता. हातात पिशवी, पिशवीत दोन किलो नाचणी. अव्वाला बरं नाही, आंबील तेवढी पोटात राहते, आणि त्या दुसऱ्या गिरणीत नाचणी वेगळी दळून देत नाहीत. बहिष्कार घालणाऱ्यांचा म्होरक्या, आणि चोरून दळण घेऊन आला होता. त्यानं अक्कांना शपथ घातली की कुणाला सांगायचं नाही. अक्कांनी दळून दिलं. एवढ्यावर थांबल्या असत्या तर एक होतं. त्या पीठ द्यायला स्वतः गेल्या, म्हातारीपाशी बसल्या, तिला आंबील पाजली. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्याही.

"तवा तुझ्यामुळं मला, का माझ्यामुळं तुला, ते तूच हिशेब कर," त्या म्हणाल्या. "तू शिकलेली हाईस."

मी मनातल्या मनात दिवस मोजले. जुळत होते. पण माझ्या दवाखान्यातले दिवसही जुळत होते. मी अजूनही कधीतरी मोजते, दर वेळी दोन्हीकडचे जुळतात.

पण तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही, राग आला तो वेगळाच. ज्या बाईच्या पोटात काही राहत नाही असं मी समजत होते तिनं आठ दिवस ही गोष्ट पोटात ठेवली होती, आणि तीही नको ती. मी त्यांना म्हटलं, अक्का, मी भिंतीपलीकडं होते. नर्स होते. तुम्ही मला एक शब्द सांगितला असता तर म्हातारीला अकराव्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नेलं असतं. मरता मरता वाचली ती. माझा आवाज चढला होता. त्या गल्लीत आता मोठ्यानं बोलणारी मीच होते.

अक्कांनी माझ्याकडं पाहिलं नाही. हातातलं सूप बाजूला ठेवलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलंच ते. रोज सांगत हुते त्येला, दवाखान्यात कळव म्हणून. ऐकत न्हवता. शप्पत मोडवंना माझ्यानं." पुढं म्हणाल्या, "मग तुला झालं. तवा म्हटलं, आता आपल्या घरातलं सांगायला काय कुणाची शप्पत आड येती? त्या दिशी मी गल्लीला न्हाई सांगितलं गे. मेस्त्रीच्या दाराकडं तोंड करून सांगितलं."

मी त्यांचं सूप घेतलं आणि राहिलेले तांदूळ पाखडले, वाईट पाखडले, त्यांनी ते पुन्हा पाखडून घेतले.

आता माझी बदली नंदिगड्ड्याच्या बाजूला झालीय. पंधरा दिवसांनी रामनगरच्या बाजाराला येते तेव्हा दळण घेऊन येते आणि रांगेत उभी राहते, कारण नर्सलाही पुढं घेत नाहीत. मेस्त्रीची अव्वा अजून आहे, बाकड्यावर बसून पीठ भरड झालं की बारीक ते बोटानं बघते. नाचणीच्या पिशवीचं मी बोलायचं नाही असं अक्कांनी त्याच दुपारी मला बजावलं होतं, आणि मी हो म्हटलं होतं. म्हणून मेस्त्री हे नाव मी माझ्या पदरचं घातलंय आणि त्याचा धंदाही बदललाय. तो गॅरेजवाला नाही. तो कोण हे गल्लीतल्यांनी शोधायला जाऊ नये. ते जातीलच, पण निदान अक्कांना विचारू नये. त्या सांगणार नाहीत.